‘लोटी’ शोधली आणि रोटीमेकर आला

तुमचा प्रश्न असा: भांड्यांच्या ऑनलाइन दुकानात ३०० वस्तू होत्या त्या ६००० झाल्या, सर्च अजून मायएसक्यूएल या डेटाबेसच्या लाइक क्वेरीवर (नावात अमुक अक्षरं आहेत का एवढंच बघणाऱ्या शोधावर) चालतंय, गिऱ्हाइकं ‘सापडत नाही’ म्हणून फोन करतात, तर आता इलॅस्टिकसर्च हे खास शोधासाठीचं इंजिन घ्यावं का? घ्या, पण या आठवड्यात नको.

शब्दाच्या आधी टक्केचिन्ह (म्हणजे ‘आधी काहीही असो’) लावलं की लाइक क्वेरीला साधा इंडेक्स, म्हणजे डेटाबेसची अनुक्रमणिका, वापरता येत नाही, सगळं टेबल चाळावं लागतं, हे खरं. पण ६००० ओळी म्हणजे डेटाबेसला किस झाड की पत्ती. तुमचं दुखणं वेगाचं नाहीच. कुणी ‘स्टील कढई’ लिहिलं आणि वस्तूचं नाव ‘कढई, स्टील, १० इंच’ असलं, तर लाइकला ती दिसतच नाही. ते सलग तुकडा जसाच्या तसा शोधतं.

आमचं रविवार पेठेतलं तांब्या-पितळेचं दुकान ऑनलाइन नेलं तेव्हा मीही आधी इंजिनच बदललं होतं. इलॅस्टिकसर्चमध्ये चुकीची स्पेलिंगं चालवून घ्यायची ‘ऑटो’ सोय आहे: तीन ते पाच अक्षरांच्या शब्दाला एक चूक माफ, त्याहून मोठ्याला दोन. खूश होऊन चालू केली. रोमन लिपीत ‘लोटी’ची अक्षरं चार, त्यातलं पहिलं बदललं की ‘रोटी’. पूजेसाठी तांब्याची लोटी शोधणाऱ्या एका आजींना आम्ही रोटीमेकर दाखवला! मेलीसर्च या दुसऱ्या शोध इंजिनमध्ये मुळातच पाच अक्षरांपासून पुढे चूक माफ होते. आपल्या वाटी, पळी, तवा अशा छोट्या शब्दांना ते जास्त मानवतं. इलॅस्टिकमध्येही ही मर्यादा बदलता येते, फक्त ती बदलायची असते हे आधी कळायला हवं.

म्हणून आधी लोक काय शोधतात ते साठवायला लागा, आणि ज्यावर शून्य निकाल आले ते शब्द वेगळे काढून चहा पीत वाचा. आमच्या यादीत कढई तीन-चार स्पेलिंगांनी होती. निरांजन कुणी निरंजन लिहिलेलं, कुणी नीलांजन. आम्ही ‘पातेलं’ लिहिलेलं, बाहेरगावचे लोक ‘भगोना’ शोधत होते. ही यादी डेव्हलपरला देऊ नका, काउंटरवर वीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाला द्या. समानार्थी शब्दांची जोडणी तोच नीट करतो.

त्यातही एक सावधगिरी. आम्ही हंडा, कळशी आणि घागर एकाच गटात टाकले, तर कळशी मागणाऱ्याला वर हंडेच दिसायला लागले. खरोखर एकच वस्तू असेल तिथेच दुहेरी जोडणी करा (कुठलाही शब्द शोधला तरी दोन्ही दिसतात), बाकी ठिकाणी एकेरी (एका शब्दावर दुसरा दिसतो, उलट नाही).

देवनागरीत शोधणारे असतील तर आणखी एक मजा. ‘सुऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला निराळे. वस्तू सर्चमध्ये भरताना आणि गिऱ्हाइकाने टाइप केल्यावर, दोन्हीकडे एकच रूप करून घ्या. इलॅस्टिकच्या तयार भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. त्यामुळे सुरी-सुऱ्या, वाटी-वाट्या हे हातानेच जोडावं लागतं.

माप आणि धातू नावात कोंबू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा, म्हणजे ‘१२ नंबर पातेलं’ नीट गाळता येईल. संपलेला माल लपवू नका, खाली ढकला. आणि धनत्रयोदशीच्या आधीच्या पंधरवड्यात यातल्या कशालाही हात लावू नका.

दोन आठवड्यांची शून्य निकालांची यादी झाली की पहिले पन्नास शब्द इथे टाका, बघून सांगतो. त्यातले फोन नंबर आधी काढा. लोक सर्चच्या चौकटीत वाट्टेल ते लिहितात.