शस्त्रनिर्यातीचा परवाना आणि ‘स्पष्ट धोका’

प्रश्न : ब्रिटनमध्ये शस्त्रनिर्यातीचे परवाने मानवी हक्कांचा विचार करून दिले जातात, असे म्हणतात. मग येमेनमध्ये हवाई हल्ले करणाऱ्या सौदी अरेबियाला ही विक्री चालू कशी राहिली?

उत्तर : परवाना देताना सरकार स्वतःला कोणता प्रश्न विचारते, यावर बरेच अवलंबून असते. ब्रिटनच्या निकषांनुसार, आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याच्या, म्हणजे युद्धात पाळायच्या नियमांच्या, गंभीर उल्लंघनासाठी त्या मालाचा वापर होण्याचा ‘स्पष्ट धोका’ असेल, तर परवाना नाकारावा लागतो. म्हणजे गुन्हा सिद्ध होण्याची वाट पाहायची नसते, पुढे काय होऊ शकेल याचा अंदाज बांधायचा असतो. आणि हा अंदाज बांधताना सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने येमेनमधील आधीच्या हल्ल्यांत कायदा मोडला होता की नाही, याचा निष्कर्ष काढण्याचे सरकारने टाळले होते. शस्त्रव्यापाराविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या एका संघटनेच्या याचिकेवर अपील न्यायालयाने जून २०१९ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर सरकारची कार्यपद्धती बेकायदेशीर ठरवली. मात्र न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, फेरविचाराचा आदेश दिला. जुलै २०२० मध्ये सरकारने फेरविचार पूर्ण केला आणि उल्लंघनाच्या घटना ‘तुरळक’ असून त्यांत सूत्र दिसत नाही, असे सांगून नवे परवाने देणे पुन्हा सुरू केले. त्याविरुद्धची दुसरी याचिका उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. त्या सुनावणीचा काही भाग गोपनीयतेच्या कारणाने बंद दाराआड झाला होता.

त्या काळात परवान्यांवर निर्णय देणाऱ्या व्यापार खात्याकडेच संरक्षणसामग्रीच्या निर्यातीला चालना देण्याचेही काम होते. परराष्ट्र आणि संरक्षण खाती सल्ला देत, हे खरे; तरीही ही रचना मला सदोष वाटते.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय शस्त्रास्त्र व्यापार करारातही जोखमीचे मूल्यमापन निर्यातदार देशाकडेच सोपवलेले आहे. बाहेरून तपासणी करून परवाना रोखू शकेल अशी यंत्रणा त्यात नाही.

धोका मान्य झाला तरी अपवाद उरतात. गाझातील युद्धाच्या संदर्भात ब्रिटनने सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलसाठीच्या सुमारे ३५० परवान्यांपैकी ३० च्या आसपास स्थगित केले, परंतु एफ-३५ लढाऊ विमानांच्या जागतिक साठ्यात जाणारे सुटे भाग या स्थगितीतून वगळले. या अपवादाला दिलेले आव्हान फेटाळताना जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने, हा निर्णय संसदेला उत्तरदायी असलेल्या कार्यकारी मंडळाच्या अखत्यारीतला आहे, असे म्हटले.