काळ्या रानातला खड्डा वाचताना

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात मातीचे थर तपासायचा खड्डा उन्हाळ्यातच घे. खणायला जड जातं, पण भेगांची रुंदी-खोली तेव्हाच नीट मोजता येते. खणल्यावर भिंत चाकूच्या टोकाने उकलून घे, नाहीतर फावड्याने आलेला गुळगुळीतपणा खरा समजशील. खरी चकाकी तिरप्या, बारीक रेघा असलेल्या पृष्ठांवर असते. माती फुगताना-आकसताना तिथे तिचे भाग एकमेकांवर घासतात. तो थर ‘बीएसएस’ (Bss), म्हणजे अशी घासलेली पृष्ठं (स्लिकेनसाइड्स) असलेला खालचा थर. माझ्या मते सगळ्या वर्णनात हीच नोंद मोलाची. रंगावरून थर पाडू नकोस, इथे सीमा धूसरच असतात. ढेकळांचा आकार बघ. चुनखडीसाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून फेस नोंदव. मुरूम लागला तर त्याची खोली लिही. आणि भेगाळलेली भिंत ढासळते, एकट्याने आत उतरू नकोस.