राजीनामा : नोकरीचा, जमिनीचा की भांडणाचा?

'राजीनामा' या एका शब्दावरून इतकी पत्रं साठली की या खेपेला दुसरा शब्द घेता आला नाही.

प्रश्न : राजीनामा म्हणजे राजाला लिहून दिलेलं पत्र, असं आमच्या ग्रुपवर आलंय. खरं का? (येळ्ळूर)

नाही. अरबीत 'राझी' म्हणजे संतुष्ट, कबूल; फारसीत 'नामा' म्हणजे लेख, कागद. राजीखुशीनं लिहून दिलेला तो राजीनामा. ग्रुपवरचे पंडित शब्द दिसेल तिथं तोडतात आणि त्याला व्युत्पत्ती म्हणतात.

प्रश्न : हा शब्द आपण कन्नडमधून घेतला की त्यांनी आपल्यातून? कट्ट्यावर पैज लागलीय. (अनगोळ)

पैज मोडा. कन्नडमधलं 'राजीनामे' आणि आपला राजीनामा, दोन्ही अरबी-फारसीचा माल. आपल्या बेळगाव भागात आदिलशाहीचा कारभार होता. तारीख, जमीन हे शब्दही दोन्ही भाषांत आहेतच. भांडायचंच असेल तर तूप आणि 'तुप्प' यांवरून भांडा, तिथं निदान मुद्दा तरी आहे.

प्रश्न : रजेचा आणि राजीनाम्याचा काही संबंध? (निपाणी)

आहे. 'राझी'च्याच मुळातली 'रिझा' म्हणजे संमती, तिचीच रजा झाली. कन्नड शाळेला लागते ती 'रजे'ही तीच.

प्रश्न : सून कानपूरची. माहेरी 'राजीनामा हो गया' असं फोनवर कळलं आणि व्याह्यांची नोकरी गेली म्हणून आम्ही भेटायला निघालो होतो. (शहापूर)

तिकडं, विशेषतः कोर्टकचेरीत, राजीनामा म्हणजे तडजोड. नोकरी सोडली तर 'इस्तीफा' म्हणतात. तो 'माफ'च्या घराण्यातला शब्द, मला मोकळं करा अशी विनवणी. गुजराती आणि नेपाळीत मात्र अर्थ आपल्यासारखाच. तडजोड कसली, ते सुनेलाच विचारा. आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

प्रश्न : आजोबांचा 1931 सालचा मोडी कागद पेटीत सापडून सहा वर्षं झाली. वर 'राजीनामा' आहे, खाली सर्व्हे नंबर, एवढं एकानं वाचून दिलं. मोबाइलवर शब्द घातला तर 'नोकरी सोडल्याचं पत्र' असा अर्थ आला. आजोबांनी सत्याग्रहात पाटीलकी सोडली, असं काका सांगतात. गल्लीत फलक लावायचाय. (खानापूर)

फलक थांबवा. 1930 च्या कायदेभंगात काही ठिकाणच्या पाटलांनी राजीनामे दिले हे खरं. पण पाटीलकी सोडणाऱ्याच्या कागदावर सर्व्हे नंबर कशाला येईल? बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबईकडे होता. तिथं 1879 ची जमीन महसूल संहिता लागू होती. जमीन सोडणारा खातेदार तसं मामलेदाराला लिहून देई, तो राजीनामा. ज्याच्याकडे ती जायची तो सारा, म्हणजे जमिनीचा कर, भरायचं कबूल करी, ती कबुलायत. हे जोडीचे कागद. तुमच्या हाती फार तर अर्धा व्यवहार आहे.

म्हणून लगेच 'जमीन गेली' असा आकांत नको आणि भावकीत काठ्याही नकोत. राजीनामा सख्ख्या भावाच्या नावेही दिलेला असू शकतो. कुणाच्या नावे, किती जमीन, 'आकार' म्हणजे सारा किती, हे खालच्या मजकुरात शोधायचं. ते सोडून तुम्ही मथळ्यातला एक शब्द मोबाइलला विचारलात! मोबाइल आजचा अर्थ सांगणार, 1931 चा नाही.

कचेरीबाहेर 'कागद द्या, जमीन काढून देतो' म्हणणारे भेटतील. मूळ कागद त्यांच्या हाती देऊ नका, झेरॉक्ससुद्धा नको. मोडीच्या जाणकाराकडून अख्खा मजकूर उतरवून घ्या, तहशीलदार कचेरीतून त्या सर्व्हे नंबरचे जुने उतारे मागा आणि दोन्ही घेऊन दिवाणी वकिलाकडे जा. शब्दाचा अर्थ मी सांगेन, हक्क कुणाचा ते त्यांनी सांगायचं. आणि हे याच महिन्यात करा. मोडी सराईतपणे वाचणारे आधीच थोडे उरलेत, त्यात तुम्ही सहा वर्षं घालवलीत.

प्रश्न : पंचनाम्यातला 'नामा' हाच का? (कंग्राळी)

हाच. पंच आपले, नामा फारसी.