वाचकांचे प्रश्न: ओंडक्याच्या पोटातली गाठ कॉम्प्युटरला दिसते का?

प्रश्न: आता सॅटेलाइट आहेत, ड्रोन आहेत, मग जंगलात जाऊन टेप लावून झाडं मोजायचं काम अजून कशाला करतात?

उत्तर: कारण वरून शेंडा दिसतो आणि विकलं जातं ते खोड. सेंटिनेल-2 या सॅटेलाइटच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 बाय 10 मीटरचा तुकडा, लँडसॅट सॅटेलाइटचा तर 30 बाय 30, त्यामुळे तोड कुठे झाली, आग कुठे लागली, कुठला पट्टा सुकत चाललाय हे मस्त कळतं पण एकेक झाड मोजायचं म्हटलं की तिथेच गाडी अडते. मग लायडार लागतं. विमानातून किंवा ड्रोनवरून लेझरचे झोत खाली सोडतात, त्यातला थोडा प्रकाश पानांवर आपटून परत येतो, थोडा फटींतून थेट जमिनीपर्यंत पोचून येतो, आणि प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण 30 सेंटिमीटर जातो म्हणून दोन्हीच्या वेळेतल्या फरकावरून झाडाची उंची काढता येते. उंची खरंच चांगली निघते. खोडाचा घेर आणि त्यावरून लाकूड किती, हा मात्र अंदाजच, आणि तो अंदाज बसवायला खाली जंगलाचे काही तुकडे हाताने मोजलेले लागतातच. टेप गेलेली नाही, पूर्वीइतक्या ठिकाणी लावावी लागत नाही एवढंच. (नासाने 2018 च्या डिसेंबरमध्ये स्पेस स्टेशनकडे जेडाय नावाचं लेझर यंत्र पाठवलं, त्याचा एक झोत जमिनीवर सुमारे 25 मीटर रुंद पडतो. मोठमोठ्या प्रदेशांतल्या जंगलात कार्बन किती हे बघायला उत्तम, तुमच्या बांधावरच्या झाडाला त्याचा काही उपयोग नाही.)

प्रश्न: सॉ मिलमध्ये ओंडक्याचा सीटी स्कॅन करतात म्हणे. खरं का? लाकडासाठी एवढा खर्च?

उत्तर: खरंय, आणि मला तरी या सगळ्या धंद्यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. झालंय काय, फांदी वाळून गळून पडली तरी तिचं बूड खोडात गाडलेलं राहतं, वर नवीन लाकूड चढत जातं, साल गुळगुळीत दिसते आणि आत गाठ तशीच. आता ओंडका आऱ्यासमोर कसा फिरवून ठेवला यावर ती गाठ फळीच्या मधोमध येणार की कडेला हे ठरतं, आणि तुळईच्या कडेला मोठी गाठ आली की तिची ताकद गेली, भाव पण गेला. आधी हे सगळं आऱ्यावरच्या माणसाच्या नजरेवर चालायचं. साधा थ्रीडी स्कॅनर आला त्याने बाहेरचा आकार कळला, म्हणजे बाक किती, एका टोकाला निमुळता किती, पण पोटातलं काही नाही. सीटीत एक्स-रे आरपार जातो, गाठ भोवतीच्या लाकडापेक्षा घट्ट असते म्हणून उठून दिसते, आणि सॉफ्टवेअर तोच ओंडका वेगवेगळ्या कोनांत फिरवून, वेगवेगळे काप मारून बघतं आणि जास्तीत जास्त पैसे कशात ते सांगतं, हे सगळं पहिला काप बसायच्या आत. अडचण एकच, पाइनसारख्या झाडांत सालीजवळचं ओलं लाकूड पाण्यामुळे जवळजवळ गाठीइतकंच घट्ट दिसतं, तिथे गाठीची कड हरवते. आणि हो, खर्च प्रचंडच, दिवसभर भरभरून ओंडके येणाऱ्या मोठ्या मिललाच तो परवडतो.

खरं तर हा हिशोब जंगलातच सुरू होतो. हार्वेस्टर मशीन झाड पकडून पाडतं, खोड रोलरमधून ओढताना दातेरी चाक लांबी मोजतं, रोलर किंवा फांद्या छाटणारी पाती किती उघडली त्यावरून जाडी कळते, आणि पुढचं न बघितलेलं खोड कसं निमुळतं होत जाईल याचा अंदाज करून, मिलने दिलेल्या भावाच्या तक्त्याप्रमाणे कुठे तोडायचं ते कॉम्प्युटर सुचवतो. चाक सालीवर घसरतं म्हणून ऑपरेटरला मधूनमधून खाली उतरून कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्याने) काही ओंडके परत मोजावेच लागतात. माझी तक्रार वेगळीच आहे. या मशीनच्या डेटासाठी स्टॅनफोर्ड नावाचा फॉरमॅट 1980 च्या दशकापासून आहे, तरी बऱ्याचदा तोच ओंडका मिलच्या दारात पोचला की जणू कोणी कधी बघितलाच नाही असा पुन्हा पहिल्यापासून मोजतात!

प्रश्न: मोबाइलच्या अॅपने झाडाचा घेर मोजला तर चालेल का?

उत्तर: लायडारवाला फोन असेल तर घेरापुरतं चालेल. छातीच्या उंचीवर मोजा, बहुतेक देशांत 1.3 मीटर धरतात, काही ठिकाणी 1.37, कुठलं धरलं ते लिहून ठेवा नाहीतर पुढच्या वेळी आकडे जुळणार नाहीत. फोनचा लेझर साधारण 5 मीटरपर्यंतच पोचतो म्हणून उंच झाडाच्या शेंड्याची अपेक्षा ठेवू नका. दाट झाडीत जीपीएस पण काही मीटर इकडेतिकडे दाखवतो.

प्रश्न: फर्निचरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की लाकूड कुठलं ते पक्कं कळतं का?

उत्तर: कोड चिकटवणाऱ्याने जे भरलंय तेवढं कळतं. युरोपियन युनियनच्या 2023 च्या कायद्यात म्हणून नुसतं लेबल चालत नाही, लाकूड ज्या जमिनीवरून आलं तिचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात, 4 हेक्टरच्या वर जमीन असेल तर पूर्ण हद्द, आणि 31 डिसेंबर 2020 नंतर तिथे जंगलतोड झालेली नसावी. मग जुने सॅटेलाइट फोटो काढून ताडून बघता येतं. तरी लाकूड खरंच त्याच जमिनीवरचं का, हा प्रश्न उरतोच, कारण नकाशा बरोबर आणि माल दुसरीकडचा असं होऊ शकतं. संशय फारच असेल तर लॅबमध्ये लाकडातल्या आयसोटोपचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण किंवा डीएनए तपासतात, पण त्यालाही त्या भागातल्या लाकडाचे नमुने आधी गोळा केलेले लागतात.