लाकडी जमीन फुगली, आणि तक्रारीची मुदत संपत आली

प्रश्न : मार्च 2023 मध्ये ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जवळच्याच एका कॉन्ट्रॅक्टरकडून हार्डवूड फ्लोअरिंग करून घेतलं. 620 चौरस फूट, 550 रुपये दराने 3,41,000 रुपये झाले. तीन लाख चेकने दिले, उरलेले 41,000 रोख. पहिल्याच पावसाळ्यात बाल्कनीच्या दारापाशी पट्ट्या वर आल्या. तेव्हापासून तो ‘पाऊस संपू दे, बदलून देतो’ म्हणत आला, आता फोन उचलत नाही. दुसरा कॉन्ट्रॅक्टर ठरवलाय, तो याच महिन्यात जुनं उखडून नवं टाकून देतो म्हणतो. आधी काम उरकून मग केस केली तर चालेल ना? मैत्रीण म्हणते, वकिलाची नोटीस गेली की मुदत वाढते.

उत्तर : ताई, नोटीस पाठवल्याने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की दर पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फायली त्यानेच बिघडलेल्या असतात. कुणाची गच्ची गळते, कुणाच्या किचनच्या ट्रॉल्या गंजतात, कुणाची लाकडी जमीन फुगते. ‘बघू, करून देतो’ ऐकत लोक दोन वर्षं घालवतात आणि मग नोटीस लिहून द्या म्हणत येतात.

तुम्ही ग्राहक आहात का, काम वाईट झालंय का, यावर मी वेळ घालवत नाही. तुमचं सगळं प्रकरण एका तारखेवर उभं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी ग्राहक आयोगाने तो स्वतःहून तपासायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली 2009 मध्येच स्पष्ट केलंय. म्हणजे कॉन्ट्रॅक्टर हजरच झाला नाही तरी तुम्ही उशिरापायी हरू शकता.

आता तुमची तारीख. पाठवलेल्या व्हॉट्सॲपच्या प्रतींमध्ये पहिला फोटो 9 जुलै 2023 चा आहे. उचललेल्या पट्टीखाली पाच रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवलेली स्पष्ट दिसतात, आणि खाली तुमचा मजकूर, ‘हे बघा काय झालंय, लगेच या’. दोष केव्हा दिसला, किती होता आणि त्याला केव्हा कळवलं, हे तिन्ही त्या एका फोटोने सिद्ध होतं. पण तोच फोटो तुमचं घड्याळही सुरू करतो. त्या दिवसापासून दोन वर्षं, म्हणजे 9 जुलै 2025. आज जून 2025 चा पहिला आठवडा आहे. तुमच्या हातात पाच आठवडे आहेत, आणि त्यातही मी 20 जूनच्या पुढे जाऊ देणार नाही. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार चढवली तरी आयोगाचं कार्यालय तपासणीत आक्षेप काढतं. कुठे शपथपत्र नीट नसतं, कुठे पानांचे क्रमांक नसतात, कुठे प्रत अस्पष्ट असते. ती दुरुस्ती करण्यात आठवडा सहज जातो.

कॉन्ट्रॅक्टरचा वकील म्हणेल की काम मार्च 2023 मध्ये संपलं, मुदत तिथूनच मोजा, म्हणजे ती केव्हाच संपली. मला तो युक्तिवाद टिकेलसं वाटत नाही, कारण दोष तेव्हा दिसतच नव्हता. तरी खबरदारी म्हणून तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज जोडा. सबळ कारण असेल तर आयोगाला कारणं नोंदवून उशीर माफ करता येतो. ‘तो आश्वासनं देत होता’ हे कारण काही आयोग मान्य करतात, काही अजिबात करत नाहीत. म्हणून अर्ज जोडा, पण त्याच्या भरवशावर एक दिवसही ढकलू नका.

नोव्हेंबर 2023 मध्ये कॉन्ट्रॅक्टर येऊन दारापाशी दोन पट्ट्या बदलून गेला आणि त्या रात्री त्याने लिहिलं, ‘मॅडम बेडरूमचं पण मार्चमध्ये माझ्या खर्चाने करून देतो’. पुरावा म्हणून हा मेसेज फार मोलाचा आहे, त्याने चूक मान्य केल्यासारखंच आहे. मुदत कायद्याच्या कलम 18 खाली यामुळे मुदत नव्याने सुरू होते असं मांडता येईल. पण त्या कलमाला सही केलेली लेखी कबुली लागते, आणि व्हॉट्सॲपचा मेसेज तिथे पुरतो का यावर वाद होईल. तो वाद जिंकायची पाळी येऊ नये म्हणूनच 20 जून. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे चॅट पुरावा म्हणून द्यायला प्रमाणपत्र लागेल, ते वकील तयार करून घेतील.

आता नव्या कॉन्ट्रॅक्टरबद्दल. जुनी जमीन उखडू नका. तुम्ही ती उखडलीत तर केस तुमच्या हाताने संपवाल. तुमच्या कोटेशनवर छापलेलं आहे, ‘पाण्याने खराब झाल्यास जबाबदारी नाही’, आणि समोरच्याचा सगळा बचाव एवढाच असणार की बाल्कनीतून पाणी आत आलं. त्याला उत्तर देणारी वस्तू तुमच्या पायाखाली आहे. अशी जमीन हवेतल्या दमटपणाने थोडी पसरते, म्हणून भिंतीलगत साधारण 8 ते 10 मिलिमीटर जागा मोकळी सोडून वर स्कर्टिंगने, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीने, झाकतात. ती जागा सोडली नसेल तर पट्ट्यांना पसरायला वाव उरत नाही आणि त्या मधून उचलतात. यंदा पाऊस मेअखेरीसच आला, म्हणजे जमीन आत्ता फुगलेली असणार आणि मोजमापाला हीच वेळ आहे. नोंदणीकृत आर्किटेक्टला किंवा सिव्हिल इंजिनिअरला बोलवा. दोन-तीन ठिकाणची स्कर्टिंग काढून भिंतीलगतची जागा मोजपट्टीने मोजायला सांगा. बाल्कनीपासून लांबच्या बेडरूममध्येही ओलावा मोजणारं मॉइश्चर मीटर लावायला सांगा, कारण तिथेही पट्ट्या उचलल्या असतील तर बाल्कनीच्या पाण्याची गोष्ट उभीच राहत नाही. आदल्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरला तारीख-वेळ लेखी कळवा, येवो न येवो. अहवाल शपथपत्रासह घ्या. हे झाल्यावर आणि तक्रार दाखल झाल्यावर खरंच राहवत नसेल तर उखडा, पण आधी आयोगाला अर्ज देऊन आणि निदान दहा-बारा पट्ट्या राखून.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण फोटोत दिसली. माळ्यावरच्या उरलेल्या खोक्याच्या लेबलवर ‘एचडीएफ लॅमिनेट, 8 मिमी’ लिहिलंय. कोटेशनमध्ये ‘हार्डवूड’ आहे. एचडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, वर लाकडासारखा दिसणारा छापील थर. तुम्ही हार्डवूडचे पैसे देऊन लॅमिनेट घेतलंत. तक्रारीत हा अनुचित व्यापारी प्रथेचा स्वतंत्र मुद्दा म्हणून घ्या. ते खोकं आणि आतलं बसवण्याच्या सूचनांचं पत्रक जपून ठेवा, भिंतीलगत किती जागा सोडायची ते त्यावर बहुधा छापलेलं असतं.

तक्रार कोणाविरुद्ध, हेही आजच बघा. दुकानाच्या पाटीवरचं नाव पुरत नाही. तुमचे चेक ज्या नावाने वटले ते बँकेच्या उताऱ्यात पाहा आणि मालकाला त्याच्या नावाने प्रतिवादी करा. माल बनवणाऱ्या कंपनीला जोडायचं का, हे कागद पाहून तुमचे वकील ठरवतील. रोख दिलेल्या 41,000 ची पावती नाही, हे वाचून मला राग आला, ताई. पट्ट्या बसताना पाहत होतात, सही मागायला किती वेळ लागला असता? त्याने त्या दिवशी ‘पैसे मिळाले’ असा मेसेज केला असेल तर शोधा. नसेल तर तो आकडा शपथपत्रावर टिकतो का, हे सांगवत नाही.

रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीची फी नाही, आणि तुम्ही ठाण्यात राहता म्हणून ठाणे जिल्हा आयोगातच ती दाखल होईल. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत मिळते हे खरं, पण तिथे कोर्ट फी भरावी लागते आणि निकाल आणखी लांबतो. आयोगात तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात. आयोगांतल्या अध्यक्ष-सदस्यांच्या रिकाम्या जागांची सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली, इतकी वाईट अवस्था आहे, आणि त्याची किंमत तुमच्यासारख्यांनी मोजायची हे मला आजही पटत नाही. एक सोय मात्र आहे. समोरच्याला लेखी उत्तराला 30 दिवस मिळतात, फार तर आणखी 15. 45 दिवसांपुढे त्याचं उत्तर घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठरवून दिलंय. ती तारीख तुमच्या वकिलांना डायरीत लिहायला लावा.

नव्या कॉन्ट्रॅक्टरला कामाला लावाल तेव्हा कोटेशनवर मालाचा नेमका प्रकार आणि जाडी लिहून घ्या, काम संपल्याची तारीख दोघांच्या सहीने नोंदवा, आणि दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवा. याला जो तयार होत नाही, त्याला काम देऊ नका. पण नव्या कॉन्ट्रॅक्टरला बोलवाल ते आर्किटेक्ट येऊन गेल्यावर आणि तक्रार दाखल झाल्यावर. या शनिवारीच आर्किटेक्टची वेळ घ्या, आणि तोवर बाल्कनीच्या दारापाशी कुणाला हात लावू देऊ नका.