समुद्रातला भोवरा: ओढणारा की पोसणारा?

नागपुरातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: समुद्रावरचा पाठ मराठीत उतरवताना ‘एडी’ला (eddy, म्हणजे समुद्रात गोल फिरणारा पाण्याचा मोठा पट्टा) भोवरा म्हणावं की आवर्त? भोवरा म्हटल्यावर मुलांनी विचारलं, ‘मग तिथले मासे आत ओढले जाऊन मरत असतील ना?’

ताई, मुलांची शंका रास्त आहे. कन्हानच्या पुरातला भोवरा माणसाला खाली ओढतो, आणि ‘कर्जाच्या भोवऱ्यात सापडला’ यातही तीच ओढ आहे. समुद्रातली एडी वेगळी. ती शंभरेक किलोमीटर रुंद असू शकते, काही आठवडे ते काही महिने टिकते, आणि फिरता फिरता सहसा पश्चिमेकडे सरकत जाते. जाळी (दोरी) गुंडाळून फेकलेला खेळातला भोवराही असाच फिरता फिरता सरकतो. संस्कृत ‘भ्रम्’ म्हणजे फिरणे. भोवरा आणि भोवळ त्यातूनच आले. बुडवण्याचा अर्थ मुळात नाही, तो नदीने चिकटवला.

उत्तर गोलार्धात एडी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत असेल, तर वरचं पाणी मध्यापासून बाहेर सरतं आणि खालचं थंड, नायट्रेट-फॉस्फेटने भरलेलं पाणी उजेडाकडे उचललं जातं. त्या खतावर वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) वाढतात, त्यांच्यावर प्राणिप्लवक (तरंगणारे बारीक जीव), पुढे मासे. बंगालच्या उपसागरात याचं मोल फार आहे. नद्यांचं गोडं पाणी तिथे हलक्या झाकणासारखं पसरतं आणि खालचं पोषण सहजी वर येत नाही. काट्यांच्या दिशेने फिरणाऱ्या एडीत मात्र वरचं उबदार पाणी मध्याकडे जमून खाली दबतं, तिथे प्लवक सहसा विरळ. सोमालियाजवळ नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात उठणारी प्रचंड एडी या जातीची. पण तिच्या कडेने किनाऱ्याचं सकस पाणी दूर समुद्रात जातं.

‘आवर्त’ भूगोलाच्या पुस्तकात कमी दाबाच्या वाऱ्यांना आधीच दिलेला आहे, रसायनशास्त्रात आवर्त सारणी आहे. ‘आवर्ती भोवरा’ तर नकोच. आवर्ती ठेवीसारखा तो पुन्हा पुन्हा येणारा वाटेल. मी नाम ‘भोवरा’च ठेवीन आणि दोन जातींना ‘थंडगर्भी’ व ‘उष्णगर्भी’ म्हणेन. नावातच मुलांना उत्तर मिळतं. फक्त क्रियापद जपा: प्लवक थंडगर्भी भोवऱ्यात ‘सापडत’ नाहीत, तिथे ते ‘पोसले जातात’.