सायकलवर वीस किलो सामान लादून किनाऱ्याने गोव्याला जायचंय, मागचा एक्सल दोनदा तुटलाय, दोन्ही वेळा गिअरच्या बाजूला. हब कोणता घेऊ?

दोन्ही वेळा एक्सल गिअरच्या बाजूलाच तुटला हे तुम्ही लिहिलंत, दुखणं तिथेच आहे. सात गिअरच्या स्वस्त सायकलींना मागे आट्यांवर फिरवून बसवायचं फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चकत्यांचा गठ्ठा, असतं. त्यात उजवीकडचे छर्रे हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आत राहतात आणि तिथून फ्रेमपर्यंत, फ्रीव्हीलच्या पूर्ण जाडीएवढा, एक्सल बिनआधाराचा असतो. दहा मिलिमीटरचा तो दांडा प्रत्येक खड्ड्यात वाकतो. चांगल्या कंपनीचा नवा टाकलात तरी तेच होणार.

म्हणून कॅसेटचा हब घ्या, म्हणजे ज्याच्या फ्रीहब नावाच्या फिरत्या भागावर गिअरच्या चकत्या सरकवून बसवतात तो, आणि तोही शिमानो कंपनीच्या रचनेचा. त्यात उजवे छर्रे थेट फ्रीहबच्या बाहेरच्या टोकाला, फ्रेमला जवळजवळ लागून बसतात. वाकायला एक्सल उरतच नाही. मी तुमच्या जागी ३६ भोकांचा, कप-कोनवाला (सुटे छर्रे वाटी आणि कोनामध्ये फिरतात असा) शिमानोचा डिओर घेईन. यापेक्षा महागाच्या मागे लागू नका. मागच्या कप-कोन हबमध्ये सहसा पाव इंची छर्रे असतात, प्रत्येक बाजूला नऊ. आपल्या साध्या काळ्या सायकलीलाही हेच लागतात, त्यामुळे देवगड-मालवणच्या दुकानातही मिळतील. सीलबंद बेअरिंग गेलं तर ते ठोकून काढायला माणूस आणि त्याच मापाचं नवं, दोन्ही शोधावं लागतं.

गिअरची चिंता नको. आठ-नऊ गिअरच्या फ्रीहबवर साडेचार मिलिमीटरची रिंग घालून सात गिअरची कॅसेट बसते, शिफ्टर तोच चालतो. फक्त फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं अंतर आधी मोजा, १३५ मिलिमीटर हवं. रिमही ३६ भोकांची लागेल.

कोन आवळताना एक गोष्ट बघा. क्विक रिलीजचा, म्हणजे नटांऐवजी लिव्हरने चाक आवळायचा, हब असेल तर चाक हातात असताना एक्सलला केसभर खेळ ठेवायचा. लिव्हर दाबली की एक्सल आवळला जातो आणि तो खेळ जातो. आधीच घट्ट केलात तर छर्रे कोन खातात.

हबइतकंच चाक बांधणाऱ्यावर अवलंबून आहे. उजवे आरे जास्त ताणलेले असतात आणि लादलेल्या सायकलीचे तेच आधी तुटतात. ते बदलायला कॅसेट उतरवावी लागते, म्हणून उजव्या मापाचे तीन-चार आरे आणि लॉकरिंगचं (कॅसेट धरून ठेवणाऱ्या रिंगचं) हत्यार सामानात टाका. शक्य असेल तर थोडं वजन पुढच्या कॅरिअरवर घ्या.